पांझरा खोऱ्यातील फडाच्या पाटांवर श्रमदान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या पाटांच्या दुरुस्तीसाठी आमच्या न्यासाकडे जे नवे स्वयंसेवक येतात, त्यांचे प्रश्न बहुधा तेच ते असतात. त्यांची उत्तरे एके ठिकाणी असावीत म्हणून हे पान तयार केले आहे. नोंदणी करण्यापूर्वी ते पूर्ण वाचावे, ही विनंती. पाटावरच्या कामाविषयी मनात जी कल्पना घेऊन लोक येतात, ती पहिल्या सकाळीच मोडते, असा आमचा अनुभव आहे आणि ती घरबसल्या मोडलेली बरी.

फडाचा पाट म्हणजे नेमके काय?

सह्याद्रीत उगम पावून पिंपळनेर, साक्री, धुळे असा प्रवास करत मुडावदजवळ तापीला मिळणारी पांझरा, तसेच बागलाणातून गिरणेकडे जाणाऱ्या मोसम आणि आरम, या नद्यांवर साधारण ३०० ते ४०० वर्षांपासून गावकऱ्यांनी चालवलेली सिंचनाची एक पद्धत आहे. तिला फड पद्धत म्हणतात. नदीच्या पात्रात उघड्या खडकाचा आधार घेऊन दगडी बंधारा घालायचा, त्याने पाण्याची पातळी उचलायची आणि काठावरून काढलेल्या पाटाने ते पाणी निव्वळ उताराच्या बळावर शिवारात न्यायचे, अशी तिची रचना असते. पाटाची लांबी साधारण २ ते १२ किलोमीटर आणि वहनक्षमता सेकंदाला सुमारे ४५० लिटर असते. पाटातून चाऱ्या निघतात, चाऱ्यांतून सारंग निघून शेतापर्यंत जातात आणि पाटात जादा आलेले पाणी जागोजागच्या सांडमांवाटे पुन्हा नदीत सोडले जाते.

ही झाली दगडमातीची बाजू. पाटाखालची सगळी जमीन काही मोठ्या तुकड्यांत, म्हणजे फडांत वाटलेली असते. एक फड १० हेक्टरांचा असू शकतो, तसा २०० हेक्टरांचाही असू शकतो. एका फडात त्या वर्षी एकच पीक घ्यायचे, मग त्यात मालक कितीही असोत, असा नियम आहे. एका फडात ऊस असेल तर दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात आणखी एखादे हंगामी पीक, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड पडीक. पुढच्या वर्षी पिके फडाफडांतून फिरतात. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन एकाहून अधिक फडांत असल्यामुळे पडीक फडाचा तोटा कुणा एकाच्या डोक्यावर येत नाही. पाणी किती, पीक कोणते आणि पाळी कुणाची, हे पंच ठरवतात. पाटातले पाणी पाटकरी वाटतो, शेतात पाणी भरण्याचे काम बारेकरी करतो, पिकाची राखण जागल्या करतो आणि या सर्वांवर हवालदाराची देखरेख असते. शेतकऱ्याने स्वतःच्या वावरात स्वतः पाणी वळवायचे नाही, हा या व्यवस्थेचा कणा आहे. या लोकांचा मोबदला पूर्वी धान्याच्या रूपाने सुगीच्या वेळी दिला जाई.

एवढे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, आपण ज्या दगडांवर काम करणार आहात ते दगड या नियमांसाठी रचलेले आहेत. नियम मोडलेला पाट कितीही सुंदर बांधून काढला, तरी दोन पावसाळ्यांत तो पुन्हा गाळाने भरतो.

हा सरकारी कालवा आहे का? मग दुरुस्ती सरकारने का करू नये?

नदी आणि तिचे पाणी शासनाचे आहे, त्यामुळे बंधाऱ्याला हात लावण्यापूर्वी जलसंपदा विभागाची लेखी परवानगी आणि ग्रामपंचायतीचा ठराव आम्ही घेतो. पाटाची नित्याची निगा मात्र पूर्वापार गावाकडेच होती. फडाचे शेतकरी दरवर्षी पाणी बंद झाल्यावर एकत्र येऊन गाळ काढत आणि जो येत नसे त्याच्याकडून पंच दंड वसूल करत. पाणी वाटण्याचा अधिकार लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांच्या संस्थेकडे असावा, ही गोष्ट राज्याने २००५ साली शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा करून मान्य केली. पांझरेकाठी तिचा सराव त्याआधी काही पिढ्या झालेला होता. सरकारने करावे ते सरकारने जरूर करावे, पण चारीत वाढलेले गवत काढायला निविदेची वाट पाहत बसलो तर गहू वाळून जाईल.

पाट बिघडले कसे?

एका कारणाने नाही. विहिरींवर विजेचे पंप आले, तेव्हा ज्याच्या विहिरीला पाणी त्याला पंचांची गरज वाटेनाशी झाली. उसाला भाव मिळू लागला, तसा प्रत्येकाला आपल्या फडात ऊसच हवा झाला आणि एक फड एक पीक हा नियम तिथेच सैल पडला. वरच्या अंगाला लाटीपाडा, मालनगाव, अक्कलपाडा अशी धरणे झाल्यावर नदीचा बारमाही झरा आटला आणि पाटाचे पाणी धरणाच्या आवर्तनावर, म्हणजे धरणातून ठरावीक वेळी सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर, अवलंबून राहिले. वाळूच्या उपशाने पात्र खोल गेले की बंधाऱ्याचा पाया उघडा पडतो आणि पुराचे पाणी दगडांखालून वाट काढते. वाटण्या होत होत जमिनीचे तुकडे इतके लहान झाले की सारंग कुणाच्या बांधातून गेला, यावरूनच भांडणे सुरू झाली.

यांतल्या वाळूउपशावर आणि धरणाच्या आवर्तनावर आमचा काही इलाज नाही. गाळ, भगदाडे, ढासळलेल्या दरजा (दगडांमधले सांधे) आणि विसरलेल्या पाळ्या, एवढ्यावरच आम्ही काम करू शकतो.

स्वयंसेवकाला प्रत्यक्षात काय करावे लागते?

बहुतेक दिवस गाळ. फावडे, टिकाव आणि घमेली घेऊन एका रांगेत उभे राहायचे आणि पाटाच्या तळाचा गाळ काठावर पोहोचवायचा, हे काम सगळ्यात जास्त असते. त्याखालोखाल वेडी बाभूळ, बेशरम आणि पाणकणीस यांची मुळासकट सफाई येते. बेशरमाची तोडलेली फांदी ओल्या काठावर टाकून दिली तर ती तिथेच रुजते, म्हणून ती लांब नेऊन वाळवावी लागते; ही एक गोष्ट विसरल्यामुळे एका हंगामाची मेहनत आम्ही पुढच्या हंगामात पुन्हा केली आहे.

भराव तपासणे हे काम दिसायला सोपे वाटते, पण त्याला नजर लागते. खेकड्यांची आणि घुशींची बिळे भरावातून आरपार जातात, पाणी आधी बिळातून पाझरते आणि एका रात्रीत तिथे भगदाड पडते. बीळ सापडले की ते उकरून मोठे करायचे, ओली चिकण माती थराथराने भरायची आणि प्रत्येक थर धुम्मसाने, म्हणजे माती ठोकण्याच्या जड ठोकण्याने, ठोकायचा. नुसते तोंड बुजवले तर आतली पोकळी तशीच राहते. हे काम गावातली पोरे आमच्यापेक्षा कितीतरी चांगले करतात, कारण खेकडा कुठे राहतो हे त्यांना निराळ्या कारणाने ठाऊक असते.

दगडी काम, म्हणजे सुटलेले दगड पुन्हा बसवणे आणि दरजा भरणे, हे गवंड्याच्या हाताखाली चालते. पहिल्याच दिवशी थापी हातात मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

हे सगळे जेसीबीने दोन दिवसांत होणार नाही का?

हा प्रश्न दर आठवड्याला येतो आणि तो रास्त आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

बंधाऱ्यामागच्या साठ्यात जो गाळ साचतो, तो आम्हीही यंत्रानेच काढतो आणि शेतकरी तो आपल्या हलक्या जमिनीत टाकतात. २०१७ पासून शासनाची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना याच तत्त्वावर चाललेली आहे. पाटाची गोष्ट वेगळी आहे. पाटाचे पाणी कोणताही पंप न लावता बाऱ्यातून, म्हणजे शेताकडे पाणी सोडण्याच्या तोंडातून, शेतात शिरते, याचा अर्थ पाटातल्या पाण्याची पातळी शेताच्या पातळीपेक्षा किंचित का होईना वर असते. मूळ बांधणाऱ्यांनी तळाचा उतार अगदी मंद ठेवला आहे, कारण पाण्याला लवकर खाली उतरवले तर वरचे शिवार कोरडे राहते. यंत्राच्या बकेटने घाईत एक हात जास्त खोदले गेले, की त्या ठिकाणी पाण्याची पातळी पडते आणि त्या टप्प्यातल्या चाऱ्यांच्या तोंडांपर्यंत पाणी चढतच नाही. पाट स्वच्छ, भरपूर खोल, पाण्याने वाहता, आणि बाजूचे शेत तहानलेले, असे दृश्य ज्याने पाहिले आहे तो पुन्हा जेसीबीचे नाव काढत नाही.

शिवाय जेसीबीच्या वजनाने भराव दबतो, सारंगांची तोंडे मोडतात आणि पाटाच्या कडेचे जुने दगडी अस्तर गाळासोबत उचलले जाते. म्हणून आम्ही आधी जागोजाग खड्डे घेऊन जुना तळ शोधतो. काही ठिकाणी तो दगडी फरशीचा असतो, तर काही ठिकाणी गाळाचा रंग बदलून खाली घट्ट पिवळसर मुरूम लागतो. ती खूण सापडली की पाण्याच्या नळीने पातळी घेऊन खुंट्या मारल्या जातात आणि खुंटीच्या खाली कुणीही टिकाव घालायचा नसतो. उत्साही स्वयंसेवकांकडून होणारी सर्वांत मोठी चूक हीच आहे.

दुरुस्ती चुन्यातच का? सिमेंट स्वस्त आणि मजबूत नाही का?

सिमेंट मजबूत आहे, आणि नेमकी तीच अडचण आहे. खान्देशातला काळा दगड मे महिन्यात दिवसा तापतो आणि रात्री निवतो. चुन्याची दरज या हालचालीला थोडी साथ देते, तर सिमेंटची दरज कडक राहून दगडापासून सुटते आणि त्या बारीक फटीतून पाणी आत शिरते. आत शिरलेले पाणी बाहेर पडायला वाट नसते, त्यामुळे भिंतीच्या पोटातला जुना चुना हळूहळू धुऊन जातो. सुरुवातीच्या काळात एका देणगीदाराच्या घाईपोटी आम्ही काही मीटर भिंतीच्या दरजा सिमेंटने भरल्या होत्या. पुढच्या पावसाळ्यानंतर त्या पापुद्र्यांसारख्या निघाल्या आणि सोबत दगडाच्या कडाही घेऊन गेल्या. घाई देणगीदाराची होती, पण होकार आमचा होता.

कळीचा चुना पाण्यात विरवून तो काही आठवडे पाण्याखाली मुरवला जातो. त्यात वाळू आणि सुर्खी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, मिसळली जाते. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश घट्ट होतो, पण पाण्याखाली तो धरत नाही. सुर्खीमुळे ओल्या जागीही त्याला पकड येते. भरलेल्या दरजांवर गोणपाट टाकून ते दिवसातून अनेकदा भिजवावे लागते. ही पाळी रात्रीचीही असते आणि तिच्यासाठी आम्हाला माणसे नेहमी कमी पडतात.

चुना विरवताना उकळी फुटते आणि शिंतोडे उडतात. डोळ्यांत गेलेला चुना दृष्टी घेऊ शकतो. चश्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय त्या खड्ड्याजवळ कुणालाही उभे राहू दिले जात नाही, मग ते विश्वस्त असोत वा पाहुणे.

काम कोणत्या महिन्यांत चालते?

पाटात पाणी असेपर्यंत पाटात काम नाही. पावसाळा संपल्यापासून रब्बी निघेपर्यंत पाळ्या चालू असतात, म्हणून मुख्य हंगाम फेब्रुवारीच्या अखेरीपासून मृगापर्यंतचा आहे. यात एक पेच आहे. चुन्याच्या कामाला थंड आणि दमट हवा मानवते आणि पाट रिकामा होतो तो नेमका उन्हाळ्यात. त्यामुळे दगडी काम मार्चमध्येच पहाटे उरकून घेतो आणि एप्रिल-मे गाळासाठी ठेवतो. धुळे-जळगावकडे या दिवसांत पारा ४२ अंशांच्या वर जातो, म्हणून सकाळी ६ ते १० एवढेच काम होते; संध्याकाळी कुणाची इच्छा असेल तर ५ नंतर तासभर. ऐन हिवाळ्यात सर्वेक्षण, नोंदी आणि चुना मुरवणे ही कामे चालतात.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यात काम पूर्ण बंद असते. सालदारांची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यांची, साले त्या दिवशी बदलतात, माहेरवाशिणी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात. त्या दिवशी गावाला फावडे हातात घ्यायला सांगणारा माणूस खान्देशातला नसतो.

मला शेतीतले किंवा बांधकामातले काही येत नाही. चालेल का?

चालेल.

शारीरिक कष्ट झेपत नाहीत. तरीही मदत करता येईल का?

येईल, आणि अशा मदतीची आम्हाला फार गरज आहे. पाटाचे नियम बहुतांशी तोंडी आहेत. ते ज्यांच्या तोंडी आहेत ती माणसे सत्तरीच्या पुढे गेली आहेत. पाळी कशी लागे, कोणत्या फडाचे नाव काय होते, दुष्काळात पाणी कुठून तोडत, दंड किती असे, हे त्यांच्याकडून ऐकून जसेच्या तसे, शक्यतो अहिराणीतच लिहून घेणारे लोक हवे आहेत. काही घरांत पंचांच्या जुन्या वह्या आणि मोडीतले कागद आहेत. मोडी वाचता येत असेल तर नोंदणी करताना ते आवर्जून लिहावे. इतिहासाचार्य राजवाड्यांचे अखेरचे दिवस धुळ्यात गेले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही तिथे आहे, त्यामुळे कागद जपण्याचे वळण या भागाला नवे नाही. मूळ कागद मात्र ज्या घरचा त्या घरीच राहतो. आम्ही फक्त छायाचित्र घेतो.

नकाशे काढणे, पातळ्यांच्या नोंदी ठेवणे, हिशेब पाहणे, सकाळचा चहा वेळेवर पाटावर पोहोचवणे, हीसुद्धा कामेच आहेत. शेवटचे काम ज्यांना किरकोळ वाटते त्यांनी ते एप्रिलमध्ये एकदा करून पाहावे.

वयाची अट, महिलांसाठी सोय आणि विद्यार्थ्यांचे तास यांविषयी काय?

पाटातल्या कामासाठी वय १८ पूर्ण हवे. त्याहून लहान मुले पालकांसोबत आली तर ती काठावरच्या नोंदींच्या कामात राहतात. महिला स्वयंसेवकांची मुक्कामाची आणि स्वच्छतागृहाची सोय गावातल्या घरांमध्ये केली जाते. तशी सोय ज्या गावात होत नाही तिथे आम्ही मुक्कामी शिबिर घेत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात. येथील कामाचे तास त्यात धरायचे की नाही, हे आपल्या महाविद्यालयाचे कार्यक्रम अधिकारी ठरवतात, म्हणून त्यांची संमती आधी घेऊन यावे. केवळ प्रमाणपत्रासाठी येणाऱ्यांना आमची हरकत नाही. त्यांपैकी काही जण पुढच्या वर्षी प्रमाणपत्र न मागता येतात.

सोबत काय आणावे?

पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, डोक्याला बांधायला रुमाल किंवा टोपी, घोट्याच्या वर जाणारे बूट, पाण्याची मोठी बाटली आणि नेहमीची औषधे आणावीत. अवजारे आमच्याकडे आहेत. नवे कोरे हातमोजे आणले तरी दुसऱ्या दिवशी फोड येतातच, तेव्हा खोबरेल तेल जवळ असू द्यावे.

साप, ऊन आणि पाणी यांचा धोका किती?

धोका आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. दगडांच्या सांदींत नाग, घोणस, मण्यार आणि फुरसे असू शकतात. म्हणून कोणताही दगड हाताने उलटायचा नाही, आधी पहारेने हलवायचा. गवतात हात घालण्यापूर्वी काठीने आपटायचे. दंश झालाच तर जखम कापणे, चोखणे, आवळून बांधणे किंवा मांत्रिकाकडे नेणे यांतले काहीही करायचे नाही. रुग्णाला निजवून, धीर देऊन, चावलेला अवयव न हलवता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवायची आणि प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात पोहोचायचे. कामाच्या प्रत्येक ठिकाणापासून असे रुग्णालय किती अंतरावर आहे, हे सकाळच्या सूचनांमध्ये सांगितले जाते.

उन्हाचा त्रास सापापेक्षा जास्त लोकांना होतो. चक्कर, मळमळ किंवा घाम थांबणे यांपैकी काही जाणवले तर रांग मोडून सावलीत जावे. त्यात कमीपणा नाही.

बंधाऱ्यामागच्या डोहात पोहायला सक्त मनाई आहे. वरून शांत दिसणाऱ्या त्या पाण्याखाली कपारी आहेत, आणि धरणातून पाणी सोडले तर ते पात्रात कधी येऊन पोहोचेल याचा अंदाज पाहुण्या माणसाला येत नाही. पावसाळ्यात पात्रात कोणतेही काम होत नाही.

राहण्याजेवणाचे काय?

मुक्काम गावातल्या शाळेत किंवा घरांमध्ये असतो. जेवणात भाकरी, उडदाची डाळ, ठेचा आणि हंगामात भरीत असते. तिखट झेपत नसेल तर पहिल्याच दिवशी सांगावे. न सांगता डोळ्यांतून पाणी काढत जेवणाऱ्यांना यजमान माउली आणखी वाढते. जेवणाचा खर्च न्यास करतो. यजमानांना परस्पर पैसे देऊ नयेत, त्यांना ते आवडत नाही.

तिथे कसे पोहोचायचे?

धुळे हे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर महामार्गांच्या चौकावर आहे. साक्री, पिंपळनेर या बाजूला एसटीच्या गाड्या आहेत. रेल्वेने येणाऱ्यांनी चाळीसगावला उतरून धुळ्याची गाडी किंवा एसटी पकडावी. नेमके गाव नोंदणीनंतरच कळवले जाते. एकदा ते आधी जाहीर केले असता, पाळी चालू असताना बंधाऱ्यावर फोटो काढणाऱ्यांची गर्दी झाली आणि बारेकऱ्याला जायला वाट उरली नाही.

गावात आमच्याविषयी अढी असेल का? भाषेची अडचण येईल का?

अढी नसते, पण शंका असते. बाहेरची माणसे फुकट राबत आहेत म्हणजे पाण्यावर कुणाचा तरी डोळा असणार, असे म्हाताऱ्यांना वाटले तर त्यात त्यांची चूक नाही. तेव्हा पहिल्या दिवशी पंचांना भेटल्याशिवाय अवजाराला हात लावायचा नाही. वडीलधाऱ्यांना आप्पा, नाना, तात्या, आबा ज्या नावाने गाव हाक मारते त्याच नावाने बोलावे. मराठी सर्वांना समजते. आपसांतले बोलणे अहिराणीत चालते. दोन दिवस कान दिला तर तीही समजू लागते, आणि चुकीची का होईना, आपण बोललेली अहिराणी ऐकून रांगेतले काम हलके होते.

काठावरची झाडेही तोडता का?

वेडी बाभूळ काढतो. बंधाऱ्याच्या दरजांत उगवलेले पिंपळ आणि उंबर कोवळे असतानाच मुळासह काढतो, कारण त्यांची मुळे जाड झाली की दगड फोडतात. मोठा झालेला पिंपळ तोडून उपयोग नसतो. मूळ आत कुजते आणि तिथे पोकळी राहते, शिवाय गावाच्या भावनेचा प्रश्न असतो. त्याच्या फांद्या उतरवून तो आहे तिथेच राहू देतो. काठावरची कडुनिंबाची आणि आंब्याची झाडे सावलीची आहेत. ती कुणी तोडायला निघाले तर पाटकरी त्यालाच पाटातून बाहेर काढेल.

पाटकरी एक सांगतो आणि न्यासाचा अभियंता दुसरे. कुणाचे ऐकायचे?

पाटकऱ्याचे. अभियंत्याचे म्हणणे बरोबर असेल तर ते संध्याकाळी पंचांसमोर मांडले जाते आणि दुसऱ्या दिवशी पाटकरीच तसे सांगतो. यात वेळ जातो, हे खरे आहे. पण आम्ही निघून गेल्यावर पाट त्याच्याच हातात राहणार आहे, आणि त्याचा शब्द चार लोकांदेखत आम्ही खाली पाडला तर पुढे पाळीच्या भांडणात त्याचे कोण ऐकेल?

अभियंत्यांना कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक म्हणजे साक्री तालुक्यातल्या दातर्ती येथे पांझरेच्या पाटासाठी बांधलेला सायफन. याच विश्वेश्वरय्यांनी पुढे नीरा कालव्यासाठी ठरावीक क्षेत्रात ठरावीक पिकांची ‘ब्लॉक’ पद्धत आखली. फडावर ज्यांचे बालपण गेले आहे त्यांना ती ओळखीची वाटते, एवढे म्हणायला हरकत नसावी.

ज्यांची शेते पाटावर आहेत तेच लोक श्रमदान का करत नाहीत?

करतात. ज्या गावातून शेतकऱ्यांची निम्मी तरी माणसे रांगेत उभी राहायला तयार नसतात, त्या गावात आम्ही काम घेत नाही. गावाने फक्त बघत राहावे आणि शहरातल्यांनी गाळ उपसावा, असे झाले तर तो पाट आमचा होतो आणि आम्हाला तो नको आहे. मजुरीवर पोट असणाऱ्यांकडून मात्र फुकट काम घेतले जात नाही; गवंडी आणि मजूर यांना चालू दराने मजुरी दिली जाते. ज्या मजुरांचे वावर पाटावर नाही त्यांनी दुसऱ्याच्या पाण्यासाठी राबायचे आणि त्याला श्रमदान म्हणायचे, हा प्रकार बरा नव्हे.

पाटाऐवजी बंद नळ टाकले तर पाणी वाया जाणार नाही, असे म्हणतात. ते खरे आहे का?

अंशतः खरे आहे. मातीच्या पाटातून पाणी झिरपते. ते झिरपलेले पाणी काठच्या विहिरींत उतरते आणि उन्हाळ्यात तेच प्यायला व जनावरांना लागते, म्हणून ते वाया गेले असे म्हणणे हिशेबाला धरून नाही. काही उंच टप्प्यांवर, जिथे भराव वारंवार फुटतो, तिथे नळ टाकणे शहाणपणाचे असते आणि पंचांनी तसे ठरवले तर आम्ही विरोध करत नाही.

देणगी, पावती आणि हिशेब यांची पद्धत काय आहे?

न्यासाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे आहे. रोख देणगी आम्ही पाटावर स्वीकारत नाही. प्रत्येक पाटाचा हिशेब त्या गावाच्या ग्रामसभेत वाचून दाखवला जातो. देणगीदाराच्या नावाची पाटी बंधाऱ्यावर लावली जात नाही, हे आधीच कळवलेले बरे.

फोटो, ड्रोन आणि समाजमाध्यमे?

कामाचे फोटो काढावेत, माणसांचे विचारून काढावेत. ड्रोनला पंचांची परवानगी लागते. गावाचे नाव आणि ठिकाण टाकू नये. कारण वर सांगितले आहे.

आमच्या गावातही असा जुना पाट आहे. आपण येऊन पाहाल का?

येऊ, पण आधी आपण एक काम करावे. बंधाऱ्यापासून शेवटच्या शेतापर्यंत पाट पायी चालून पाहावा, सोबत गावातला एखादा जुना माणूस घ्यावा आणि तीन गोष्टी लिहून आणाव्यात : शेवटच्या शेतात पाणी अखेरचे कधी पोहोचले, पाळी लावणारा माणूस आज कोण आहे, आणि टेलच्या (पाटाच्या शेवटच्या) शेतकऱ्याचे हेडच्या (बंधाऱ्याजवळच्या) शेतकऱ्याशी बोलणे आहे का. बंधारा किती फुटला आहे हे आम्ही येऊन पाहू शकतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर चुना भिजवण्याआधी पारावर दोन-चार बैठका कराव्या लागतील आणि त्यांना आमच्यापेक्षा आपली गरज जास्त आहे.

पाणी सुटते त्या दिवशी हजर राहता येईल का?

जरूर यावे, त्या दिवसासाठी नोंदणी लागत नाही. तारीख पंच ठरवतात आणि ती आदल्या संध्याकाळीच कळते, त्यामुळे लांबच्यांना ते जमत नाही. पाटकरी पाण्याच्या पुढे चालतो आणि आपण काठाने त्याच्या मागे चालायचे. कोरड्या पाटात पाणी सावकाश सरकते आणि आपल्यापुढे पालापाचोळा, काटक्या व वाळलेले गवत ढकलत नेते. तो कचरा पहिल्या सांडमाच्या तोंडाशी अडकला तर पाणी तिथेच तुंबून काठावरून वाहू लागते. तेव्हा मोबाइल खिशात ठेवावा आणि हातात दाताळे घेऊन यावे.